यात गंधार कोणता?

पेटी वाजवणाऱ्या माणसाला कुणी बोलावत नाही. बोलावणं पेटीला येतं. ती स्वतःच्या पायाने चालत नाही म्हणून आम्हाला जावं लागतं. भजनी मंडळ, गाण्याच्या क्लासची परीक्षा, किंवा कुणाच्या तरी एकसष्टीला यजमानीणबाईंनी 'दोनच पदं म्हणीन' अशी धमकी देऊन ठरवलेला कार्यक्रम. तिथे आमचं काम नक्की असतं. गाणाऱ्याच्या अर्धं पाऊल मागे राहायचं. तो घसरला तर आपणही थोडं घसरायचं, म्हणजे लोकांना वाटावं की चालच तशी आहे. आणि एखादी जागा साधली की मान अशी हलवायची, जणू आपल्याला ती अपेक्षितच नव्हती. अप्पा जळगावकर भीमसेनजींच्या साथीला बसत तेव्हा गळा कुठे थांबला आणि पेटी कुठे सुरू झाली ते कळत नसे. आमच्या बाबतीत ते लगेच कळतं, पण वृत्ती तीच.

त्यामुळे सी विंगमधल्या मुलाने लिफ्टमध्ये गाठून, "काका, आमच्या बँडबरोबर एकदा वाजवाल का? गेस्ट म्हणून," असं विचारलं तेव्हा मी सवयीने पहिला प्रश्न टाकला, "मुख्य कोण?"

"तसं कुणी एक नाही काका. सगळेच."

"आणि साथीला?"

लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, मिटलं. "साथीला असं... कुणीच नाही," तो म्हणाला.

रॉक बँडची याहून नेमकी व्याख्या मला पुढे कुठे सापडली नाही. चार माणसं, चौघंही मुख्य कलाकार, आणि कुणाच्याही मागे चालायला कुणी तयार नाही. अशा वेळी पाहुणा बोलावतात. ही पद्धत जुनी आहे आणि बड्या घराण्यातली आहे. १९६८ साली बीटल्समध्ये इतकं बिनसलं होतं की जॉर्ज हॅरिसनच्या गाण्यात बाकीच्यांचं लक्षच लागेना. शेवटी सप्टेंबरात त्याने एरिक क्लॅप्टनला स्टुडिओत आणलं. क्लॅप्टन आधी नको म्हणत होता. बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरचा माणूस गिटार कसा वाजवेल, हा त्याचा मुद्दा. पण आला, 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स'मध्ये वाजवून गेला, आणि तेवढा वेळ सगळे शहाण्यासारखे वागले. चारच महिन्यांनी पुन्हा तेच. हॅरिसन चिडून निघून गेला, समजूत काढल्यावर परत आला, आणि मग बिली प्रेस्टन या कीबोर्डवाल्याला मध्ये बसवलं तेव्हा कुठे हवा निवळली. 'गेट बॅक'च्या रेकॉर्डवर बीटल्सच्या जोडीला त्याचंही नाव छापलं आहे. घरात पाहुणा असला की नवराबायको भांडण स्वयंपाकघरात नेतात, त्यातलाच हा प्रकार.

आणि हे फक्त तिकडच्या पाहुण्यांपुरतं नाही. १९६६च्या एप्रिलमध्ये लंडनमध्ये अनिल भागवत या तबलावादकांना फोन आला, की संध्याकाळी मोकळे असाल तर जॉर्ज म्हणून कुणी आहे, त्याच्याबरोबर वाजवायला या. कोण जॉर्ज, काय जॉर्ज, काही पत्ता नाही. न्यायला दारात रोल्स-रॉइस उभी राहिली तेव्हा उलगडा झाला. 'रिव्हॉल्व्हर' या रेकॉर्डवरच्या 'लव्ह यू टू'मधला तबला त्यांचा, आणि कव्हरवर नावही आहे. 'भागवत' हे आडनाव तिथे वाचून पुण्यात कुणाचीही मान दोन इंच ताठ व्हावी.

मला न्यायला ॲक्टिव्हा आली. पेटी पुढे, पाय ठेवायच्या जागी. मुलगा मध्ये, त्याच्या पाठीला गिटार, आणि गिटारच्या मागे उरलेल्या जागेत गेस्ट आर्टिस्ट.

तालमीची जागा एका इमारतीच्या तळघरात होती. तिला जॅमरूम म्हणतात आणि ती तासाच्या भाड्याने मिळते. भिंतींना काळा फोम, एका कोपऱ्यात अजून जुने अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. दारावर 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी पाहिली आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आत तिघं हिंजवडीवाले आणि एक गायक. चौघांच्या काळ्या टी-शर्टांवर कुठल्या कुठल्या बँडची नावं होती, पण ती कुणाला वाचता येऊ नयेत हाच छापणाऱ्याचा उद्देश असावा. गायक आणि सी विंगवाला गिटारिस्ट यांचं बोलणं बंद आहे, हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं, कारण गायक मला म्हणाला, "काका, त्याला सांगा की दुसऱ्या कडव्यात तो फार वाजवतो." त्याच्यात आणि गिटारिस्टमध्ये दोन फुटांचं अंतर होतं. मी सांगितलं. उत्तरही माझ्याच मार्फत परत आलं. मला कशासाठी बोलावलंय याचा अंदाज आला.

गाणं त्यांचं स्वतःचं होतं, मराठी, विषय हिंजवडीच्या सिग्नलवर गेलेलं तारुण्य. त्याला 'इंडियन टच' हवा म्हणून पेटी. आता ही पेटी मूळची पॅरिसची. १८४०च्या दशकात अलेक्झांडर देबेनने तिचं पेटंट घेतलं. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिचे पाय काढून, भाता हाताशी देऊन तिला मांडी घालून बसायला शिकवलं. १९६५ साली 'वी कॅन वर्क इट आउट'मध्ये खुद्द लेननने हार्मोनियम वाजवली आहे. म्हणजे भारतीय स्पर्शासाठी त्यांनी फ्रेंच बाई आणली होती. मी हे बोललो नाही. पाहुण्याने काही गोष्टी पोटात ठेवायच्या असतात.

"पट्टी कोणती?"

"ई, काका."

ई म्हणजे पांढरी तीन, एवढं मला येतं. मी षड्ज धरला. ड्रमवाल्याने काठीवर काठी आपटून चार मोजले, चौघं सुटले, आणि माझा षड्ज त्या सगळ्या आवाजावर भलत्याच ठिकाणी तरंगत राहिला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गिटारिस्टकडे पाहिलं.

"हां काका, आम्ही हाफ स्टेप डाऊन असतो ना!"

म्हणजे गिटारच्या सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवलेल्या. जिमी हेंड्रिक्स तसं करायचा, गन्स अँड रोझेसही. तारा सैल पडतात, बोटांना बरं आणि वरच्या जागा घेताना गळ्यालाही बरं. पण तोंडाने नाव जुनंच चालू. ते 'ई' म्हणतात आणि वाजवतात ती काळी दोन. काळी दोन! आमच्या भजनी मंडळाची पट्टी. म्हणजे हेंड्रिक्स आणि आमचं मंडळ एकाच षड्जावर उभं आहे, फक्त मंडळाला त्याची कल्पना नाही.

माझी पेटी स्केलचेंजरची. कळ फिरवली, स्वरांची अख्खी पट्टी उचलून एक घर डावीकडे सरकवली, बसवली. खरं तर काळी दोनवरूनही आरामात वाजवलं असतं, पण चार तरुण बघत असताना असल्या गोष्टी कोण टाळतो? बेसवाला तोपर्यंत एक अक्षर बोलला नव्हता. तो गुडघ्यावर बसला, पेटीच्या आत डोकावला आणि म्हणाला, "काका, हार्डवेअरमध्ये ट्रान्सपोज?" त्या दिवसापासून तो मला 'सर' म्हणतो.

मग मी दुसरा प्रश्न विचारला, आणि तिथे तालीम अडली. विचारलं इतकंच, "यात गंधार कोणता? कोमल की शुद्ध?"

चौघंही एकमेकांकडे बघायला लागले. बोलणं बंद असलेलेसुद्धा. शेवटी गिटारिस्ट म्हणाला, "काका, या पॉवर कॉर्ड्स आहेत. यात थर्ड नसतोच."

मी पुन्हा वाजवायला लावलं आणि कान देऊन ऐकलं. खरंच नव्हता. षड्ज आणि पंचम, पुन्हा वरचा षड्ज, संपलं. गिटारला डिस्टॉर्शन लावलं की गंधार आत घुसल्याबरोबर सगळं गढूळ होतं, म्हणून तो वगळतात. म्हणजे ज्या संगीताच्या नावाने आईबापांच्या पोटात गोळा येतो, ज्याच्या रेकॉर्डांवर कवट्या आणि वटवाघळं काढलेली असतात, ते हेवी मेटल मुळात काय आहे? पंचमाचा तानपुरा. फक्त लावणाऱ्याला राग आलेला आहे. तानपुरा सुरेल लागला की त्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो, असं आमचे गुरुजी सांगायचे. मी तोही ऐकण्याचा प्रयत्न केला. ऐकू आली ती माझ्याच कानातली शीळ, आणि ती घरी गेल्यावरही बराच वेळ येत होती.

त्याचा परिणाम असा झाला की गाण्यात एकुलता एक गंधार माझ्या हातात आला. मी शुद्ध दाबला की तारुण्य आनंदात जायचं, कोमल दाबला की दुःखात. आयुष्यभर दुसऱ्याच्या गंधारामागे फिरलेल्या माणसावर एवढी जबाबदारी एकदम टाकू नये. मी कोमल धरला. हिंजवडीचा सिग्नल मी पाहिलेला आहे.

गिटारिस्टचं सोलो सुरू झालं तेव्हा आणखी एक गंमत कळली. बोटं कितीही पळोत, फिरत होती ती पाचच सुरांत: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. "अरे, हा तर धानी," मी म्हणालो. "मायनर पेंटॅटॉनिक म्हणतात काका," तो म्हणाला. "म्हणा की," मी म्हणालो. पण त्या धानीत तो तार ओढून कोमल गंधार जो हळूहळू वर चढवत न्यायचा, ती अस्सल मींड होती. माझ्या पेटीतून ती जन्मात निघणार नाही. १९४०च्या मार्चपासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला दार बंद केलं ते याच दोन आरोपांवरून, की हिच्यात मींड नाही आणि हिचे सूर श्रुतींना जुळत नाहीत. तीसएक वर्षं ते दार धड उघडलं नाही. त्या वेळच्या साहेबांना या तळघरात आणून 'दोघांतला शास्त्रोक्त कोण' असं विचारलं असतं, तर त्यांनी झब्ब्याला हात न लावता सरळ फाटक्या जीन्सकडे बोट दाखवलं असतं.

मग आले माझे सोळा बार. "इथे काका, तुमचं सोलो. सिक्स्टीन बार्स. काहीही वाजवा." 'काहीही' हा शब्द साथीदाराला कुणी उच्चारू नये. आमची सगळी कारकीर्द गवई दम खातो तेवढ्या वेळात होते. त्याने समेवर येऊन पाण्याचा घोट घेतला की तेवढ्यात आम्ही त्याचीच तान थोडी साफसूफ करून परत करायची. इथे समोर कुणी गात नव्हतं, मग परत काय करायचं? मी गायकाकडे पाहिलं. तो मोबाईल बघत होता. गिटारिस्ट पायाखालच्या डबड्यांची बटणं दाबत होता. बेसवाला तेवढा माझ्याकडे बघत होता, पण तो पेटीकडे बघत असावा. शेवटी मी ड्रमच्या मागे गेलो. त्याचा उजवा पाय जिथे पडतो तिथे सूर, आणि दोन-चारच्या मात्रेला तो स्नेअरवर जे हाणतो तिथे भाता. सोळा बार साथ केली, ड्रमची. ड्रमवाल्याने वाजवता वाजवता मान वर केली. आजवर आपल्या मागे कुणी आलेलं त्याने बहुधा पाहिलं नव्हतं.

कार्यक्रम होता कोरेगाव पार्कच्या बाजूला, बिअर जिथल्या तिथे तयार करतात अशा एका जागेच्या अंगणात. "झब्बाच घाला काका, लुक पाहिजे," अशी सूचना होती. स्टेजवर सगळे उभे आणि मी बसलेला. माझ्यासाठी कुठून तरी सतरंजी आणली होती आणि ती तारांच्या जंजाळात, दोन स्पीकरांच्या मध्ये अंथरली होती. उभ्या माणसांच्या जगात बसलेल्या माणसाचा विचार कुणी केलेला नसतो, हे धुराचं मशीन सुरू झाल्यावर कळलं. त्याचं तोंड बरोबर माझ्या उंचीवर होतं. बाकीच्यांच्या पोटऱ्यांशी तो धूर शोभून दिसत असेल. मी त्यात मानेपर्यंत होतो, आणि माझी पेटी तर हवेवरच चालते. भात्याने तो ओढून घेतला आणि पुढची दोन गाणी रीडांमधून अगरबत्तीचा आणि जळक्या साखरेचा मिश्र वास येत राहिला.

त्याआधी साऊंडचेक. हा कार्यक्रम आपल्याकडेही असतो, पण आपल्याकडे लोक त्यालाच गाणं समजून दाद देत नाहीत. १ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशसाठी कार्यक्रम होता. रविशंकर आणि अली अकबर खाँसाहेबांनी वाद्यं जुळवली, तेवढ्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. पंडितजींनी नम्रपणे आभार मानून सुचवलं, की जुळवणं इतकं आवडलं असेल तर वादन आणखी आवडेल. इथे वाद्यं पायातल्या डबीवर बघून मुक्यानेच जुळवतात, त्यामुळे तो धोका नव्हता. धोका मॉनिटरचा होता. मॉनिटर म्हणजे पुढ्यात ठेवलेला छोटा स्पीकर. त्यात आपल्याला काय ऐकायचं ते साऊंडवाल्याला सांगायचं. गायक म्हणाला, "मी वाढवा." गिटारिस्ट म्हणाला, "मी अजून." बेसवाला म्हणाला, "मी येतच नाहीये." ड्रमवाल्याचा आवाज मॉनिटरशिवाय येरवड्यापर्यंत जात होता, पण तोही म्हणाला, "थोडा मी."

"काका, तुम्हाला काय?"

"मला गायक द्या," मी म्हणालो. "आणि जरा गिटार."

साऊंडवाल्याने हेडफोन कानावरून खाली काढला. "नक्की?" त्याने विचारलं. "पेटी नको?"

"पेटी माझ्या मांडीपाशीच आहे."

त्याच्या चेहऱ्यावर जे भाव आले ते मी फक्त एखाद्याला अनपेक्षितपणे पेन्शनचा फरक मिळाल्यावर पाहिले आहेत. त्यानंतर रात्रभर त्या माणसाने माझ्या पेटीची काळजी घेतली. तिला दोन माईक लावले, एक रीडांना आणि एक मागे, आणि भात्याचा फुसफुसाट गाण्यात जाऊ नये म्हणून कुठलं तरी बटण धरून बसला. गाण्यात पेटी ऐकू आली असेल तर ती त्याची कृपा. बायकोच्या मते ऐकू आली नाही. "दिसत मात्र छान होतात," ती म्हणाली, "धुरातून."

बरोबर दहाला संपलं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे उघड्यावर रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद. या एका बाबतीत रॉकवाले आणि आपण समदुःखी. १९५३ साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्र रात्र चालायचा, पहाटेचे राग पहाटे ऐकायला मिळायचे. आता तिथेही घड्याळाकडे बघून भैरवी. शेवटचं गाणं अर्धं राहिलं म्हणून गायक हळहळत होता तेव्हा मी त्याला हे सांगितलं. त्याला ललत किंवा भटियार माहीत नव्हते, पण वेळेवर माईक बंद करणाऱ्यांबद्दल आमचं तात्काळ एकमत झालं.

पेटी बंद करतोय तोच एकेक जण येऊन गेला. प्रत्येकाचा प्रश्न तोच, फक्त आवाज खाली आणलेला. "काका, माझं ऐकू येत होतं ना?" मी सगळ्यांना हो म्हटलं, आणि ते खरंही होतं, त्या स्टेजवर सगळ्यांचं ऐकायची सोय एकट्या माझ्यापुढे होती. मानधन म्हणून दोन जेवणाची कुपनं मिळाली. गिटारिस्टने गायकाला विचारलं, "तुझं कुपन आहे का?" थेट विचारलं, माझ्या मार्फत नाही. त्यावरून पुन्हा भांडण झालं ती गोष्ट वेगळी.

आता त्यांना पिंक फ्लॉइडचं 'मनी' बसवायचं आहे. १९७३ सालचं गाणं, आणि त्यातल्या बेसची चाल सात मात्रांची. ड्रमवाल्याला त्याची भीती वाटते. 'ऑड मीटर' म्हणताना तो आवाज खाली आणतो. मी म्हटलं, "अरे, सात म्हणजे रूपक. आमच्याकडे क्लासची मुलं दुसऱ्या वर्षाला म्हणतात." तेव्हापासून तो रविवारी सकाळी आमच्या घरी येतो, पोहे खातो आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर हातांनी सात मोजतो. गिटारिस्टने मला विश्वासात घेऊन सांगितलं की मूळ गाण्यात गिटारचं सोलो आलं की ताल साताचा चारात येतो. "म्हणजे त्यांनाही साताचा कंटाळा येतो," मी म्हणालो. तो म्हणाला, आपण सोलोही सातातच ठेवू, धानीत. तो आता सराव करतोय. सी विंगच्या लोकांनी सोसायटीकडे अर्ज केल्याचं ऐकतो.

आमच्या विंगमधून मात्र एकच तक्रार आली. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी मला जिन्यात अडवलं. चेहरा गंभीर होता, म्हणून मी आधीच आवाजाबद्दल माफी मागायच्या तयारीत उभा राहिलो. "आवाजाचं काही नाही हो," ते म्हणाले, "पण त्या मुलाला सांगा, रूपकाची सम खालीवर असते. तो बिनधास्त पहिल्या मात्रेवर टाळी देतो, आणि रविवारी सकाळी मला अंघोळ करताना फार त्रास होतो."